भाऊबीजेच्या पाटल्या

आमच्या कुमुदइतकी हट्टी बाई अख्ख्या दुबईत नसेल. नवरा म्हणून ही माझी तक्रार आहे आणि अभिमानही. ती आमच्या बिल्डिंगच्या ओनर्स कमिटीची सेक्रेटरी. तिने लिलावाला काढला तो पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्या सख्ख्या भावाचा.

सोमनाथदादाचं रास अल खोरला गॅरेज आहे. धंदा जोरात, बुडाखाली नवी कोरी गाडी, पण तीन वर्षं मेंटेनन्स भरला नव्हता. "सेक्रेटरी माझी बहीण आहे, मला कोण हात लावतो?" असं खाली रिसेप्शनवर ऐटीत सांगायचा. त्याचं बघून आणखी चारजणांनी हात आखडता घेतला. लिफ्टवाल्याचे पैसे थकले, लिफ्ट बंद पडली आणि नवव्या मजल्यावरच्या बानूआपांना डायलिसिसला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावं लागलं. दुसऱ्याच दिवशी कुमुदने दादाची फाइल कोर्टात दिली. लिलावाची तारीख लागली ती भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातली.

"अगं, तो रस्त्यावर येईल! नात्याचा तरी विचार कर," मी चिडलो.

"बानूआपा काय परक्या आहेत?" ती म्हणाली.

भाऊबीजेला दादा येणार नाही अशी माझी खात्री होती. पण आला. तोंड फुगवून पाटावर बसला. कुमुदने ओवाळलं. तो खिशात हात घालणार, तोच तिने आपल्या हातातल्या पाटल्या काढून तबकात ठेवल्या. दादानेच इथल्या पहिल्या कमाईतून तिच्या लग्नात केलेल्या.

"कमिटी तुला सोडणार नाही, दादा. पण मी बहीण आहे. ह्या वीक आणि भर."

दादाचा चेहरा उतरला. भाऊबीजेला बहिणीकडून घ्यायचं? त्याने पाटल्या उचलल्या, तिचा हात ओढला आणि परत चढवल्या.

दोन दिवसांत त्याने गाडी विकली. चाळीस हजार दिरहम, म्हणजे साडेनऊ लाख रुपये भरायला ऑफिसात आला.

"कुमे, दंड तरी सोड. विषय खलास कर ना."

"दंड सगळ्यांना सारखा."

त्याने तोही भरला. लिलाव रद्द झाला, लिफ्ट सुरू झाली.

परवा रिसेप्शनवर कुणीतरी मेंटेनन्सवरून कुरकुरत होतं. दादा तिथेच टॅक्सीची वाट बघत उभा होता.

"सेक्रेटरी माझी बहीण आहे," तो ऐटीत म्हणाला, "मुकाट्याने भरा."