भरदुपारचा ओला जिना

भवानी पेठेतल्या त्या चाळीचा जिना रोज भरदुपारी ओला व्हायचा. विहिरीत बुडून मेलेली एक बाई ओल्या पायांनी वर येते, असं लोक म्हणत आणि त्या वेळी दारं लावून घेत.

आशा सेविका महेश्वरी एकदा दुपारीच तिथं आली. वयस्क बायकांच्या लघवीच्या त्रासावर ती दर मंगळवारी वर्ग घ्यायची, त्याचं सांगायला. अंधाऱ्या वळणावर तिला पाणी ठिबकताना ऐकू आलं. वरून कुणीतरी बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत होतं. पदर पार तोंडावर आला होता. महेश्वरी एक पायरी मागं सरली.

"कोण हाय?"

"वरडू नको, पोरी." वरच्या खोलीतली निंगव्वा आजी होती, हातात ओलं फडकं. "संडास खाली. पोचायच्या आधीच सुटतं. मग जिना धुते."

"लोक भूत म्हणत्यात, आजी."

"म्हणू दे की. भुताला कुणी हसत न्हाय."

महेश्वरी त्या ओल्या पायरीवरच बसली. "वर्गात अशा अकराजणी हायत. लघवी धरून ठेवायचा व्यायाम शिकवते. तुमी या."

आजी आली. दोन महिन्यांनी ती बहुतेक दिवस कोरडीच खाली पोचू लागली. एका मंगळवारी तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, "जिन्यातलं भूत मीच."

कुणी हसलं नाही. पलीकडच्या बोळातली रंभाबाई मात्र रडायला लागली.

"आमच्या बोळातलं मी," ती म्हणाली.