दुहेरी शिलाईचा तंबू

बाजारातून तयार शिवलेली वस्तू घरात आली की शिंपी ती आधी उलटी करून बघे आणि मग नाक मुरडे. सदरा असो, पिशवी असो, नाहीतर गादीची खोळ. बायको म्हणायची, "देवानं माणूस घडवला, तोसुद्धा यांनी उलटा करून शिवण बघितली असती."

तंबूचंही तेच झालं. पातळ, गुळगुळीत, हिरव्या कापडाचा तंबू. कटिंगच्या टेबलावर पसरून शिंप्याने तो उलटा केला, तर प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली.

"गोंद!" तो म्हणाला. "टाके धड घालता येत नाहीत, म्हणून वरून गोंद फासलाय. शुद्ध लबाडी."

बायको समोरच्या खुर्चीवर बसून कोटाला बटणं लावत होती. दम लागायचा म्हणून तिने मशीन केव्हाच सोडलं होतं, बटणं मात्र सोडली नव्हती. "पावसात टिकलं म्हणजे झालं," ती म्हणाली. "आपल्याला काय त्याचं लग्न लावायचंय?"

पण शिंप्याला राहवेना. त्याने नखाने पट्ट्या सोलून काढल्या आणि जाड दोऱ्याने सगळ्या शिवणी दुहेरी मारल्या. तो हे काम ज्यांच्याकडे शिकला, त्या वस्तादांकडे जाड सुती कापडाचे तंबू शिवले जात. ते सांगत, सुईच्या भोकाला भिऊ नकोस. कापड भिजलं की फुगतं आणि भोक आपोआप बुजतं. वस्तादांचा शब्द शिंप्याने आयुष्यात कधी तपासून पाहिला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

जायचं होतं ते तळ्यावर. कटिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. तारखांची पानं केव्हाच फाटून गेली होती, चित्र तेवढं उरलं होतं. काळंभोर स्थिर पाणी, पलीकडे धुकं आणि उजव्या कडेला पाण्यावर वाकलेलं एक झाड. त्या झाडापाशीच चित्र संपत होतं. बटणं लावता लावता बायकोचं लक्ष तिकडे जाई. "अहो, त्या झाडामागं काय असेल हो?" वर्षानुवर्षं हा एकच प्रश्न. शिंपी तोंडात टाचण्या धरून म्हणायचा, "जाऊन बघू." आणि कोणाचा तरी कोट तातडीचा निघायचा.

मग डॉक्टरांनी त्याला खोलीबाहेर बोलावून सांगितलं. जायचं असेल तर लगेच जा. तिच्या फुप्फुसांत आता फारसा जीव राहिलेला नाही. फक्त ओल लागू देऊ नका, ओल तिला सोसणार नाही. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. बायकोने सगळं ऐकलं. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग? तंबू कधी आणताय?"

तळ्याजवळ मुक्कामाला खोली मिळत नव्हती, आणि रस्त्यापासून पाण्यापर्यंत तिला रोज चालवणार नव्हतं. पाण्याच्या काठालाच तंबू ठोकायचा आणि सकाळी पडदा सरकवून झाडामागे बघायचं, असा बेत ठरला. मेहुण्याने त्याची गाडी दिली. "दाजी, या वयात तंबू? ताईला घेऊन शिकारीला निघालात की काय?" असं म्हणाला आणि ताईकडे न बघता टायरमधली हवा तपासत राहिला.

पहिला मुक्काम वाटेतल्या एका लहान तळ्यावर झाला. हवा कोरडी होती. शिंप्याने स्टोव्हवर चहा केला आणि बायको घडीच्या खुर्चीत शाल पांघरून बसली. बदकांची एक रांग पाण्यातून गेली. "ती शेवटची तुमच्यासारखी आहे," ती म्हणाली. "सगळ्यांच्या मागं, आणि तोऱ्यात." रात्री तंबूत तिला गाढ झोप लागली. शिंपी अंधारात शिवणीवरून बोट फिरवत राहिला. टाका न् टाका सारखा. खूप दिवसांनी त्याला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी जंगल लागलं. तिथे बारा महिने पाऊस. झाडांच्या खोडांवर बोटभर जाड शेवाळ, फांद्यांवर आणखी झाडं उगवलेली, आणि भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागत होते. पाऊस थांबला तरी पानांवरून पाणी गळत राहायचं. बायकोने काच खाली केली, तेव्हा आत आलेल्या हवेला तळघराचा वास होता. तिला खोकला आला. शिंप्याने काच वर केली. चित्रातलं तळं एवढ्यात गाठणं शक्य नव्हतं, म्हणून दुपार कलताना झाडांमधल्या मोकळ्या जागेत त्याने तंबू ठोकला.

पाऊस संध्याकाळी आला. आवाज इतका, की ओरडून बोलावं लागे.

"अहो, इथं ओलं लागतंय," बायको म्हणाली.

"थांब जरा. कापड फुगेल. भोकं बुजतील."

दोघं वर बघत बसली. कापड फुगेना. ते सुती नव्हतंच. पाणी त्यात मुरत नव्हतं, त्याला फक्त वाट हवी होती, आणि वाट शिंप्याने करून दिली होती. टाक्याटाक्याला एक थेंब उगवला, फुगला, खाली पडला. त्याच्या जागी दुसरा आला. टाके इतके सारखे होते, की थेंबांच्याही दोन सरळ ओळी झाल्या. सोललेल्या पट्ट्या घरी केराच्या टोपलीत होत्या.

बायको त्या ओळींकडे बघत म्हणाली, "बघा, किती सुंदर शिवण आहे तुमची."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर शिंप्याला बरं वाटलं असतं.

त्याने आपला कोट तिच्या डोक्यावर धरला. पण अंथरूण भिजलं, शाल भिजली, आणि तिला गाडीपर्यंत धरून नेता नेता उरलंसुरलंही भिजलं. गाडीत हीटर लावून तो तिचे पाय चोळत राहिला. उजाडलं तेव्हा तिचं अंग तापलं होतं, आणि श्वासाला करवत चालवल्यासारखा आवाज येत होता.

जंगल संपलं तिथे रस्त्याला फाटा होता. उजवीकडे तळं, डावीकडे गाव आणि दवाखाना. शिंप्याने गाडी थांबवली. तिच्या हट्टापुढे त्याने आजवर नेहमीच हात टेकले होते. दुकान तिच्या हट्टाने झालं, हा प्रवासही तिच्याच हट्टाने. आताही ती उजवीकडे म्हणेल, आपण नाही म्हणू, भांडण होईल. मग काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, पण त्या भांडणाची तो अगदी जीव मुठीत धरून वाट बघत होता.

मागून एका ट्रकने हॉर्न दिला.

"वळवा हो डावीकडं," बायको म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते.

"आणि तळं?"

"राहू द्या."

"अगं, ते झाड..."

"झाडामागं दुसरं झाड असेल," ती म्हणाली. "आणखी काय असणार?"

ट्रकने पुन्हा हॉर्न दिला. शिंप्याने गाडी डावीकडे वळवली. मागच्या सीटवर कोंबलेल्या तंबूतून खालच्या चटईवर पाणी ठिबकत होतं. गाव येईपर्यंत त्याला तोच आवाज ऐकू येत होता, आणि दुसरा, तिच्या श्वासाचा.