बोलणाऱ्याची खूण

सुट्टीत काय काय करायचं याची धाकटीची यादी भली मोठी होती, आणि तीत 'बाबाच्या चिठ्ठ्या लावणे' हे कुठेच नव्हतं. पण आईने फर्मान काढलं, "छापखान्याचा माणूस पाचला येतोय, बाबाला हातभार लाव," आणि धाकटी तोंड फुगवून खोक्यांपुढे बसली.

बाबा कोशकार होता. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याच्या एकेका अर्थाची एकेक चिठ्ठी करायची आणि त्या अर्थाला आपल्या भाषेतलं एक जिवंत वाक्य शोधायचं. शोधायचं म्हणजे खरोखर कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं. वाक्य बनवायचं नाही, कानावर पडेल तेच लिहायचं, हा त्याचा नियम. खाली तारीख आणि बोलणाऱ्याची खूण. आईची 'आ', तळमजल्यावरच्या शिंपीकाकांची 'शिं', ताईची 'ता'. त्यामुळे घरात धड भांडायचीही सोय नव्हती. आई चिडून काही बोलली, की बाबा खिशातून पेन काढायचा.

"हेही लिही!" आई ओरडायची.

बाबा तेही लिहायचा.

गेली तीन वर्षं तो एकाच शब्दात रुतून बसला होता. रन.

"त्यात काय एवढं?" शिंपीकाका म्हणायचे. "रन म्हणजे धाव. चेंडू मारायचा नि पळत सुटायचं."

"आणि धुतल्यावर कापडाचा रंग जातो ना, काका, तेही रनच," बाबा सांगायचा.

"माझ्याकडच्या कापडाचा रंग जात नाही हं! उगाच बदनामी नको."

बघावं तिकडे हा शब्द हजर. नाक गळतं ते रन, दुकान चालवतात ते रन, अंगात ताप असतो तेही रन. पायमोजा उसवतो, दूध ओतू जातं, साखर संपते, रस्त्यात नको तो माणूस भेटतो... तीन अक्षरांच्या त्या पोराने सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. धावण्याला म्हणावं तर धाव, पळ, दौड. वाहण्याला म्हणावं तर वाहणं, गळणं, झरणं, पाझरणं. बाबाला प्रत्येक छटा वेगळी हवी असे, आणि त्या सगळ्या त्याला ताईने पुरवल्या. ताई म्हणजे बोलका धबधबा. खोकी 'ता'ने भरली होती.

दोन वर्षांपूर्वी ताई तापाने गेली. आठ दिवसांत.

धाकटीचं काम सोपं होतं. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावायच्या. साडेतीनच्या सुमाराला तिच्या हातात एक चिठ्ठी आली. 'नळ चालू राहिलाय, कुणीतरी बंद करा!' खाली खूण 'ता'. आणि तारीख या वर्षीची.

बाबाची गफलत झाली असेल, म्हणून तिने चिठ्ठी बाजूला ठेवली. मग दुसरी निघाली. मग तिसरी. साडेचारपर्यंत बारा झाल्या. बारा वाक्यं, सगळी ताई गेल्यानंतरची, आणि प्रत्येकीखाली बाबाच्या स्वच्छ, न थरथरणाऱ्या अक्षरात 'ता'.

धाकटीने एकदा मागे वळून पाहिलं. एरवी जगाला भारी असलेली पोरगी, पण भर उजेडात, पंखा फिरत असताना तिचे हात गार पडले. स्वतःला धीर द्यायला तिने एक चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"अगं आई, दूध ओतू जातंय!"

आणि ती थांबली. हे वाक्य तिचं होतं. पातेलं उचलताना बोट भाजलं होतं, त्याचा डाग अजून होता. नळाचं वाक्यही तिचं. गेल्या वर्षभरात तिचा आवाज भरून ताईसारखा झाला होता. फोनवर मावशीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिने नुसताच हुंदका दिला होता.

धाकटीने खोकं पालथं घातलं आणि 'धा' शोधायला लागली. दोन वर्षांत एकही नव्हता. जुन्या शब्दांच्या चिठ्ठ्यांत लहानपणीचे चार बोबडे 'धा', पुढे काही नाही.

त्या बारा चिठ्ठ्या घेऊन ती उठली आणि तडक बाबाच्या खोलीत गेली. तो खिडकीकडे तोंड करून लिहीत होता, दाराकडे पाठ. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बाबा, नळाचं वाक्य कुणाचं?"

पेन थांबलं. मान वळली नाही.

"ताईचं."

"ताईचं? आत्ता कोण बोलतंय?"

त्याने समोरची चिठ्ठी बाजूला सारली. मग हळू म्हणाला, "पाठीमागून आवाज आला की आधी तीच असते. मग मी वळतो, आणि तू असतेस. म्हणून हल्ली मी वळत नाही."

धाकटीला जोरात रडू आलं आणि त्याहून जोरात राग.

"मग मी कोण? दोन वर्षं मुकी होते का मी या घरात? बाबा, हे छापून येणार! एकदा छापलं की मी कायमची ती होऊन बसेन. मला ताई आवडायची, पण मला ताई नाही व्हायचं!"

खुर्ची करकरली. बाबा वळला. नव्याने घरी आलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पेन पुढे केलं.

"खुणा बदल. तुझ्या हाताने."

तिने आहे तिथेच, खुर्चीमागे उभं राहून, सुरुवात केली. 'ता' खोडायचा, 'धा' लिहायचा. "साखर संपलीय, माझं. नाक गळतंय, तेही माझंच, आणि मला त्याचा अभिमान आहे." बाबा हसला. डोळे पुसत का होईना, हसला. अकरा झाल्या.

बारावी चिठ्ठी तिने वाचली, पुन्हा वाचली. रनचा आणखी एक अर्थ, हात फिरवणे. 'कपाळावरून हात फिरव ना, बाबा.' तारीख गेल्या महिन्याची.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "त्या आठवड्यात आई नि मी मामाकडे होतो."

"ठाऊक आहे मला."

"मग तू बनवलंस. चालेल मला, बाबा. एकदाच बनवलंस, एवढं म्हण फक्त."

बाबाने नकारार्थी मान हलवली. आयुष्यात त्याने एकही वाक्य बनवलं नव्हतं, आणि खोटं बोलायला तो आत्ताही तयार नव्हता.

खाली दाराची घंटा वाजली. छापखान्याचा माणूस आला होता. आईची पावलं जिना उतरत गेली.

"कुठून आलं होतं?" धाकटीने विचारलं. आवाज तिचाच होता, पण तिला तो परका वाटला.

बाबाने बोट दाखवलं. "तू आत्ता उभी आहेस तिथून."

धाकटीने पेनाचं टोपण लावलं. त्या चिठ्ठीवरचा 'ता' तिने तसाच राहू दिला आणि चिठ्ठी बाकीच्यांवर ठेवली. मग, मागे न बघता, ती जराशी डावीकडे सरकली. कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.