कोरडं ठेवायचं

मामाने पंपघराच्या जाळीत अडकलेलं कासव सोडवलं सोमवारी, आणि भाची त्याच्याकडे पोचली गुरुवारी सकाळी. मधले तीन दिवस ते कासव तिच्या फोनवरच्या सांगण्यावर तगून होतं.

तिने प्राणिशास्त्राची पदवी नुकतीच घेतली होती आणि जखमी प्राण्यांच्या केंद्रात कामाला लागली होती. मामा पंपघरात कामाला होता, कालव्याच्या तोंडाशी जाळीत अडकलेला कचरा काढायचा. त्याने पाठवलेल्या फोटोत कासव चिखलाने माखलेलं होतं, मान आत ओढलेली. "पाठ दाबली की दबते गं," तो म्हणाला होता. पाठ मऊ, म्हणजे कॅल्शियम कमी, नाहीतर कवचाला कुज. तिच्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं पानच उभं राहिलं. "कोरडं ठेवायचं, वर बल्ब लावायचा. मी येईपर्यंत पाण्याचा थेंब नको," तिने ठासून सांगितलं.

"या डॉक्टरीणबाई!" मामीने दार उघडलं. "तुमच्या पेशंटची बडदास्त बघा. पोरं तापाने फणफणायची तेव्हा हे ड्यूटीवर. ह्याच्यासाठी मात्र तीन दिवस रजा!"

"तू लादी पुसताना शिंतोडे उडवशील म्हणून राखण करत बसलो," मामा म्हणाला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाकडी खोकं, त्यात वर्तमानपत्र, त्यावर कासव. तिने वाकून बोटाने वाळका चिखल खरवडला. खाली कवचाच्या खवल्यांचे सांधे दिसायला हवे होते. सांधे नव्हतेच. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं कातडं, आणि उन्हात विसरलेल्या चपलेसारख्या त्याच्या कडा वर वळलेल्या. नाक बारीक नळीसारखं पुढे आलेलं. पुढच्या पायाला नख्या तीन. दुसऱ्यालाही तीनच. कठीण कवचाच्या कासवाला असतात तशा पाच निघाव्यात म्हणून तिने पुन्हा मोजल्या.

पाठ आजाराने मऊ झाली नव्हती. हे मऊ पाठीचंच कासव होतं. पाण्यात राहणारं, थोडा श्वास कातडीतूनही घेणारं.

"काय गं, दातखीळ बसली का?" मामाने विचारलं.

"मामा, टब आण. कोमट पाणी."

"पाणी? पण तूच तर..."

"आण रे!"

पाणी हनुवटीपर्यंतच ठेवायचं. अंगात त्राण नसलं की पाण्यातला जीवही पाण्यात बुडतो. तळाशी बारीक वाळू. उचलायचं मागच्या बाजूने, कारण हे लांब मान मागे वळवून चावतं. वरातीमागून घोडं यावं तसं सगळं आता आठवत होतं. मान वळली नाही. तिच्या मनगटावर लोंबकळत राहिली.

केंद्रातल्या डॉक्टरांना तिने फोन लावला. त्यांनी विचारलं, कातडी तडकलीय का? डोळे खोल गेलेत? ती हो हो म्हणत गेली. "पाण्यात राहू दे. टबावर कापड टाक. आणि फार आशा धरू नकोस," ते म्हणाले.

दुपारी एकदा नाक पाण्यावर आलं आणि त्याच्या टोकाशी एक बुडबुडा फुटला. "घेतंय की श्वास!" मामाने मांडीवर थाप मारली. खरं सांगायची तीच वेळ होती. तिने कापड नीट केलं.

चारच्या सुमारास तिने त्याच्या डोळ्याच्या कडेला बोट लावलं. पापणी हलली नाही. तिने दोनदा पाहिलं.

मामा टबाशी उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "तुला एक सांगितलं नव्हतं. मंगळवारी मी बल्ब अर्धा तास बंद केला होता. फार तापला होता म्हणून. तेवढ्यानेच गारठलं असेल."

"मामा, बल्ब लावायलाच नको होता. त्याला पाणी हवं होतं. मी ओळखायला चुकले. माझ्यामुळे मेलं ते."

मामीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"माझी बाजू घेऊ नकोस," मामा ओशाळं हसला. "तू एवढी शिकलेली, तुझं कसं चुकेल?"

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नख्या, नाक, कातडी, सगळं दाखवून. शाळेतल्या पोरीचा धडा ऐकावा तसा तो मान डोलावत राहिला. तिचं बोलणं संपल्यावर त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पुढच्या खेपेला सापडलं ना," तो म्हणाला, "तर बल्ब मिनिटभरही बंद करणार नाही बघ."