शेवटचे दोघे

अंगात नारिंगी जाकीट चढलं की माणसाला बढती मिळते की तो पायउतार होतो, हे अण्णांना अकरा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. सायकलसफरीत जो सगळ्यांत मागे राहतो, त्याचं ते जाकीट. त्याला सगळे शेपूट म्हणत. शेपटाला नियम एकच: कुणाच्याही पुढे जायचं नाही. पुढचा थांबला तर आपण थांबायचं, त्याचं चाक बसलं तर पंप मारायचा, त्याचा जीव रडकुंडीला आला तर पाणी द्यायचं. अठ्ठावीस जणांच्या मेळ्यात हे काम अण्णांकडे आपसूक आलं होतं. जन्मभर लेथवर उभं राहून लोखंड कातलेला माणूस. घाई त्यांच्या अंगात नव्हतीच.

सफरीचा आज सहावा दिवस, आणि घाटाचा. सलग चौदा किलोमीटर चढ. मेळ्याची म्होरकी शाळेत खेळ शिकवायची आणि सफरीतही गळ्यातली शिट्टी काढायची नाही, म्हणून तिचं नाव शिट्टीबाई. तिने सकाळीच बजावलं होतं की एक वाजता जो माथ्यावर नसेल, त्याला मागची गाडी उचलून आणेल. मग तो कुणाचा मामा असो की काका.

अण्णांना घाटाची फिकीर नव्हती. त्यांच्या पोटात वेगळाच गोळा होता, आणि तो वीस हात पुढे सायकल चालवत होता. त्यांचा जावई.

जावई दातांचा डॉक्टर. दिवसभर उघड्या तोंडांसमोर उभा राहणारा हा माणूस गेले सात महिने स्वतःचं तोंड उघडायला तयार नव्हता. त्याची आई गेली आणि तिच्यामागोमाग त्याची वाचाही गेली. घरात हो, नाही, ठेव, नको, एवढीच काय ती बोली. अण्णांच्या लेकीने पाच महिने वाट पाहिली आणि एक बॅग भरून माहेरी आली. भांडण नाही, तंटा नाही. भिंतीशी बोलून बोलून घसा बसला, बाबा, एवढंच म्हणाली. त्याला दोन महिने झाले. फोन शेजारी ठेवून ती भाजी निवडायला बसे. फोन वाजला की निवडलेली आणि न निवडलेली एक होऊन जाई, आणि फोन निघे बँकेचा.

सफरीसाठी सासऱ्या-जावयाने नावं वर्षाच्या सुरुवातीलाच दिली होती. मागे कुणीच घेतली नाहीत. अण्णा मनाशी पक्कं करून आले होते की विचारायचं: माझ्या लेकीला न्यायला येणार आहात की नाही? पण सहा दिवस प्रश्न ओठांपर्यंत येई आणि तिथूनच माघारी फिरे. सासरा-जावई म्हणजे आधीच मानापानाचं नातं. नळावर बाटली भरायची तरी "आधी तुम्ही, मामा", "छे छे, आधी तुम्ही, डॉक्टर" यात निम्मं पाणी वाहून जायचं.

आज मात्र अण्णांच्या मनात काळजी शिरली. एरवी पहिल्या पाचांत असणारे डॉक्टर आज सकाळपासून मागे मागे पडत होते. नाश्ताही धड केला नव्हता. पोर थकलंय, अण्णांना वाटलं. आपण त्याच्या मागे चिकटून राहिलो तर त्याला लाज वाटेल, म्हणून त्यांनी वेग कमी केला. थोड्या वेळाने पाहतात तर डॉक्टर आणखी हळू. अण्णांनी गिअर उतरवला. डॉक्टरांनीही उतरवला. अण्णा रेंगाळले, तसे डॉक्टर त्यांच्याहून रेंगाळले. दोन वळणं गेली, चार गेली. चाकं अशी फिरू लागली की एकेक आरा मोजून घ्यावा. हँडल डुगडुगायला लागलं. बाकीचा मेळा केव्हाच डोंगराआड गेला होता.

देव कुणाच्या तोंडून बोलेल याचा नेम नाही. त्या दिवशी तो एका म्हातारीच्या तोंडून बोलला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती मागून चालत आली, अण्णांना ओलांडलं, डॉक्टरांनाही ओलांडलं, आणि मान न वळवता म्हणाली, "सायकली उसन्या आणल्यात का? फार जपताय म्हणून विचारलं."

डॉक्टर थांबले. नियमाप्रमाणे अण्णाही थांबले.

"मामा, त्रास होतोय का? छातीत वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णांनी उलट विचारलं की त्रास मला कशाला होईल, थकलात तुम्ही. मग उलगडा झाला. सकाळी अण्णांनी गोळी घेतलेली डॉक्टरांनी पाहिली होती; वय झालंय, घाटात एकटं सोडायला नको, म्हणून ते मागे राहिले होते. यांनी त्यांना सांभाळायला हळू जायचं, त्यांनी यांना सांभाळायला त्याहून हळू. बारा वाजून गेले होते आणि दोघांनी मिळून निम्मा घाट चढला होता. थकलं कुणीच नव्हतं.

अण्णांना आधी हसू आलं. मग हसता हसता काय झालं कोण जाणे, सहा दिवसांचा बांध फुटला आणि अहोजाहोही त्यात वाहून गेलं.

"अरे, माझी एवढी काळजी करतोस," ते म्हणाले, "मग तिला एक फोन का करत नाहीस रे?"

डॉक्टरांनी सायकल कठड्याला टेकवली. मग तुटक तुटक बोलू लागले. रोज फोन हातात घेतो. आईचं काही बोलायला गेलं की आवाज फाटतो. तिच्यासमोर एकदा रडू फुटलं तर थांबणार नाही, अशी भीती वाटते. म्हणून गप्प बसलो. गप्प बसायची सवय झाली. आता कुठून सुरू करू, तेच कळत नाही.

"फाटक्या आवाजाने कर," अण्णा म्हणाले. "ती काय गाणं ऐकायला थांबलीय?"

डॉक्टरांनी फोन लावला. अण्णा पाठ फिरवून एका दगडावर बसले. लेकीचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं, जावयाचं ऐकायचं नव्हतं. तरी त्याचा हुंदका ऐकू आलाच. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात नाम घेतलं.

पाऊण तासाने मागची गाडी आली. शिट्टीबाई घड्याळ दाखवतच उतरली. अकरा सफरींत शेपूट कधी गाडीत बसलं नाही, आणि आज हे काय? डॉक्टरांकडे बघून ती तोंड उघडणार, तोच अण्णांनी तिला बाजूला घेतलं. सगळा दोष माझा, म्हणाले. पाय बोलायला लागले होते, डॉक्टर बिचारे माझ्यासाठी थांबले. आता फोनवर आहेत, जरा दमानं घे. शिट्टीबाईने एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं, एकदा कठड्याकडे, आणि स्वतःच सायकली टपावर चढवू लागली.

शेवटी डॉक्टर आले आणि अण्णांच्या शेजारी बसले. डोळे लाल, नाक लाल. गाडी सुरू झाली.

"परवा सफर संपली की तुमच्यासोबत घरी येतो म्हटलं तिला, मामा."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, या. पण लगेच न्यायची घाई करायची नाही. चार दिवस राहायचं, आणि आईंबद्दल सगळं सांगायचं."

अण्णांनी खिडकीची काच खाली केली. घरात गादी एकच जादा होती, ती कापसाची, आणि तिला ऊन दाखवायला हवं होतं. लेकीला फोन करून तेवढं सांगावं म्हणून त्यांनी खिशात हात घातला. फोन लागेना. लेकीचा फोन सारखा दुसरीकडे चालू येत होता, आणि शेजारी जावई खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होता.