डावीकडची खालची दाढ

ताई माझ्यापेक्षा मोठी, पण भाऊजींना छळण्यात मी तिच्याही वरचढ. त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी पहिल्यापासून काउंटरवर बसते, त्यामुळे छळायला अख्खा दिवस मोकळा. "भाऊजी, आतला पेशंट ओरडत का नाहीये? भूल दिलीत की गप्पा मारून झोपवलंत?" असलं काहीतरी चालायचं. पुढे आमचं बोलणं 'पुढचा पेशंट' आणि 'किल्ली कुठे आहे' एवढ्यावर आलं.

भाऊजींना हार्ट अटॅक येऊन गेला त्याला बरीच वर्षं झाली. स्टेंट बसला आणि त्या दिवसापासून घरात ताईचं राज्य सुरू झालं. मीठ कमी, तळलेलं बंद, सिगारेटचं नाव काढायचं नाही, रोज चालायचं. दवाखाना तळमजल्यावर आणि घर तिसऱ्या मजल्यावर, तरी भाऊजींनी खाली वेफर्सचं पाकीट फोडलं की वर ताईचे कान टवकारत. हॉस्पिटलने दिलेला सल्ल्यांचा तक्ता तिने फ्रिजवर चिकटवला होता. त्यावर छाती धरून वाकलेला एक टकला माणूस होता आणि आम्ही त्याला भाऊजीच म्हणायचो. सगळ्या घराचं लक्ष त्या एका छातीवर. ताईलाही हृदय आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग ताईचा जबडा दुखायला लागला. डावीकडे, खाली. पिशव्या घेऊन जिना चढताना जास्तच. दुसऱ्या मजल्यावर ती टेकायची, गाल दाबून धरायची आणि म्हणायची, "दातांच्या डॉक्टरची बायको आणि दाढदुखीने बेजार! लोकांना सांगायची सोय नाही." भाऊजींनी एक्स-रे काढला. दाढ किडलेली होतीच, त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी ती काढली, तिच्याशी बोलत बोलत, अगदी जपून. त्यानंतरही दुखत राहिलं तेव्हा म्हणाले, "जखम भरायला वेळ लागतो गं."

जखम जवळजवळ भरली होती. एका सकाळी ताई जिन्यात बसली ती उठलीच नाही.

भाऊजींचा जीव वाचवणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांनीच आम्हाला समजावून सांगितलं. बायकांनाही छातीत दुखतं, पण काहींचा नुसता जबडा दुखतो, पाठ दुखते, नाहीतर विनाकारण दमायला होतं. "कित्येक वर्षं संशोधनात पुरुषच जास्त घेतले," ते म्हणाले, "म्हणून तो छाती धरलेला माणूस सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. डॉक्टरांच्यासुद्धा." भाऊजी मान हलवत ऐकत होते.

भेटायला येणाऱ्यांना मात्र ते सांगायचे, "अचानक गेली. आमचं नशीब." दाढेचा एक शब्द नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नशीब कसलं? चढताना दुखतं, बसलं की थांबतं, हे तिने घरातल्या डॉक्टरलाच सांगितलं होतं ना? नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. पण ताईच्या माणसाला एकटं टाकवत नव्हतं आणि माफही करवत नव्हतं.

वर्ष उलटलं. मागच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई दवाखान्यात आल्या.

"ही दाढ आधी उपटा," खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. "जीव नकोसा केलाय मेलीने."

भाऊजींनी तोंडात आरसा घालून पाहिलं. दाढ किडलेली होती.

"कधी दुखतं?"

"दुखतं तेव्हा दुखतं!"

"जिना चढताना?"

"तेव्हा जास्तच. बसलं की थांबायचं. आज बसले तरी थांबेना, म्हणून तर आले."

भाऊजींनी आरसा खाली ठेवला. "अ‍ॅम्ब्युलन्स बोलव," ते मला म्हणाले.

"दाढेला अ‍ॅम्ब्युलन्स?" बाई भडकल्या. "उपटता येत नसेल तर तसं सांगा की!"

एरवी मी हसून लोटपोट झाले असते. भाऊजी अंगातल्या अ‍ॅप्रनसकट त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेले.

बाई वाचल्या. काही आठवड्यांनी पुन्हा आल्या तेव्हा जरा वाळल्या होत्या, पण जीभ तशीच होती.

"आता तरी काढणार का?"

"हृदयाचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तुम्हाला." भाऊजींनी हातमोजे चढवले होते, नुसतं तपासायला.

"बरं बाबा. पण दाढ बघून तुम्हाला कळलं कसं हो?"

मी काउंटरवरून ऐकत होते. आता म्हणतील, अनुभव.

"माझ्या बायकोचं असंच दुखायचं," भाऊजी म्हणाले.

"मग? बऱ्या आहेत ना आता?"

"नाही. मी तिची दाढ काढली. ती गेली."

वर्षभर मला हेच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते एकदा बोलले की माझ्या जिवाला थंडावा मिळेल, अशी माझी खात्री होती. कसला थंडावा! ते बोलले, आणि ताई नव्हती ती नव्हतीच. मी आत गेले. भाऊजी हातमोजे काढायला बघत होते आणि त्यांना ते निघत नव्हते. मी ते ओढून काढले, आणि त्या परक्या बाईंसमोर आम्ही दोघं रडलो.