रोज अकरा वाजता एक ग्राहक

त्रेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि घरात अजून तिला छोटीच म्हणत. तेही चाललं असतं. पण सख्ख्या भावाने तिला कंपनीतून काढलं तेव्हा कारण काय दिलं माहीत आहे? "छोटे, तू काय, फोनच तर उचलतेस."

बारा वर्षं! लोकांच्या वेबसाइटना जागा देणारी ती होस्टिंग कंपनी दादाच्या नावावर होती हे खरं. पण सर्व्हर रुसला की त्याची समजूत काढणारी छोटी, ग्राहकाच्या शिव्या ऐकून घेणारी छोटी, आणि दर शुक्रवारी कुणा एकाच्या साइटची राखीव प्रत उघडून ती खरंच चालते का हे डोळ्यांनी बघणारीही छोटीच. दादा मीटिंगा करायचा. मग वहिनीचा भाऊ आला, कसलासा कोर्स करून, गळ्यात ओळखपत्र अडकवून. छोटीची खुर्ची त्याला मिळाली. जाताना दादाने तिच्याकडून एका कागदावर सही घेतली: ग्राहकांची कुठलीही प्रत स्वतःजवळ ठेवणार नाही. तिने त्याच्यासमोर सगळं पुसलं.

एकवेळ हेही तिने गिळलं असतं. पण आठ दिवसांनी सहज तिने कंपनीची साइट उघडली. 'आमच्याविषयी' या पानावर दोघांचा फोटो होता, तो कापला होता. दादा ऐटीत बसलेला, आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर छोटीचं कोपर तेवढं उरलेलं. कापणाऱ्याला ते नीट कापताही आलं नव्हतं. छोटीच्या अंगाची लाही लाही झाली.

"थांब तू," ती स्क्रीनला म्हणाली. "तुला पाणी पाजलं नाही तर बघ."

महिन्याभरात तिने चष्म्याच्या दुकानावरची खोली घेतली. एक टेबल, दोन स्क्रीन, एक फोन, आणि भिंतीवर चष्मेवाल्याचा जुना अक्षरांचा तक्ता, जो निघता निघेना. डेटा सेंटरमध्ये दोन सर्व्हर भाड्याने घेतले, एकावर ग्राहक आणि दुसऱ्यावर त्यांच्या प्रती. पंधरा दिवस तिने नुसते प्रयोग केले. मुद्दाम साइट मोडायची, प्रतीवरून परत उभी करायची, पुन्हा मोडायची. नवरा म्हणाला, "अगं, दुकान उघडायच्या आधीच तोडफोड?" तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप भांडी घासायला गेला.

आणि मग तिने काय केलं? फोन उचलला. बारा वर्षं तोच तर उचलत होती ना! तिचा आवाज ओळखणारी माणसं तिला शोधत आली. जनावरांचे डॉक्टर आले, कुलूपवाला आला, नाच शिकवणारी बाई आली. "ताई, तिकडे आता फोन केला तर एक नंबर दाबा, दोन नंबर दाबा. माणूस काही बोलतच नाही," नाचाच्या बाई म्हणाल्या. बघता बघता एकेचाळीस जणांनी इकडे यायचं ठरवलं.

आता यात एक मेख होती. ग्राहकाला होस्टिंग कंपनी सोडायची, तर जुन्या कंपनीकडून साइटच्या नावाचा सुटकेचा कोड लागतो. दादाच्या कंपनीत तो कोड आणि साइटच्या सगळ्या फायली एकाच वेळी द्यायची पद्धत होती, आणि त्याची ईमेल खुद्द दादाच्या हातून जायची. जाणाऱ्या माणसाला मालकाने स्वतः निरोप द्यावा, म्हणून ही पद्धत छोटीनेच बसवली होती. म्हणजे जो कुणी सोडून जाईल, त्याचं नाव दादाला स्वतः वाचावं लागणार, आणि स्वतः बटण दाबावं लागणार.

"एका आठवड्यात सगळे आणून मोकळी हो," नवरा म्हणाला.

"छे! एकदम दात काढला तर एकदाच दुखतं," छोटी म्हणाली. "रोज एक."

रोज एक, आणि तोही बरोबर अकराला, दादाचा चहा टेबलावर यायच्या वेळेला. ग्राहकाने अर्ज कधी पाठवायचा ते ती फोनवर सांगायची, आणि माणसं बिचारी ताईचा शब्द मानायची. कामाला शिस्त असते, अशी त्यांची समजूत. सोमवारी जनावरांचे डॉक्टर. मंगळवारी कुलूपवाला. बुधवारी नाचाच्या बाई. पहिल्या आठवड्यात दादाने काही मनावर घेतलं नाही. तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. आई दादाकडे राहायची, आणि पोटात तिच्या काही राहत नसे.

"छोटे, दादाचं काहीतरी बिनसलंय गं. अकरा वाजले की दार लावून बसतो म्हणे. चहा तसाच परत जातो."

"असं का?" छोटी म्हणाली. "पित्त असेल."

फोन ठेवल्यावर तिला इतका आनंद झाला की खोलीत मावेना. ती खाली जाऊन चष्मेवाल्याला उगाचच चहा पाजून आली. लाज वाटली का? अजिबात नाही. बारा वर्षं तिला राबवताना कुणाला लाज वाटली होती?

या सगळ्यात सर्वांत आधी आलेला माणूस म्हणजे घड्याळजी काका. खोलीचं दार उघडलं त्याच दिवशी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अरुंद जिना चढून, धापा टाकत. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान मुलाला दिलं आणि स्वतः साइटवर लिहायला बसले. हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळाचं एक पान. कुणाचं घड्याळ, कुठला भाग बदलला, झाकणाच्या आत काय कोरलेलं होतं, माणूस ते न्यायला आला तेव्हा काय बोलला. अकरा वर्षांत नऊशेच्या वर पानं झाली होती. गेलेल्या माणसांची मुलं कुठून कुठून ती पानं वाचायची आणि काकांना पत्रं लिहायची. कागदावर काही नव्हतं. पेन धरवत नसे, म्हणून काका एका बोटाने थेट साइटवरच टाइप करत.

"मला तुमच्याकडे घ्या, ताई. तिकडे आता मला कुणी ओळखत नाही."

छोटीने त्यांचं नाव वहीत लिहिलं. पहिल्या ओळीवर नाही, शेवटच्या. काका दादाचे अगदी पहिले ग्राहक होते. दादाच्या टेबलावरचं घड्याळ काकांनीच भेट दिलेलं, आणि दारू प्यायल्यासारखा भावुक होऊन दादा चारचौघांत सांगायचा की काका आहेत तोवर कंपनी आहे. चाळीस घाव घालून झाले की हा एकेचाळिसावा. छोटीने त्या दिवसाचं स्वप्न अगदी बारकाव्यांसकट पाहिलं होतं.

"काका, तुम्ही निश्चिंत राहा," ती म्हणाली. "तुमचं झालंच समजा."

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आवाज चिरका झालेला. "छोटे, अगं सगळं गेलं म्हणतात! यंत्र जळलं की काय झालं. लोकांचं सगळं गेलं. दादा नुसता डोकं धरून बसलाय."

"राखीव प्रती असतील की."

"त्या रिकाम्या निघाल्या म्हणे. त्या शहाण्याला रोज हिरवी खूण दिसायची, म्हणून तो खूश. आत काही आहे की नाही, उघडून बघितलंच नाही कुणी."

शुक्रवार! एकाही शुक्रवारी कुणी एक प्रत उघडली नव्हती. छोटी मोठ्याने हसली. आई पलीकडून "हसतेस काय गं मेले" म्हणाली, तरी तिला हसू आवरेना. एवढं तर तिने मागितलंही नव्हतं.

दुपारी दादा आला. स्वतः, जिना चढून. शर्टाचं बटण चुकीच्या काजात. छोटीने त्याला बस म्हटलं नाही.

"छोटे, तुझ्याकडे जुन्या प्रती असतील. शुक्रवारच्या. एखादी तरी."

"माझ्याकडे? मी तर फोन उचलायचे."

दादाचा चेहरा उतरला. "चुकलं माझं."

"काय चुकलं? नीट सांग."

"कंपनी तू चालवत होतीस," दादा खाली बघत म्हणाला. "मी नाही. तू होतीस म्हणून होतं सगळं."

बारा वर्षं आणि वर सहा महिने ज्या वाक्यासाठी तिचा जीव तळमळला, ते वाक्य हे. तिने ते नीट ऐकलं, पुरतं मुरू दिलं, आणि मग म्हणाली, "काही नाही माझ्याकडे. तूच सही घेतलीस. तुझ्यासमोर पुसलं मी."

दादा दाराशी जाऊन थांबला. "बाकीच्यांचं कसंही निभावेल. त्यांच्याकडे फोटो आहेत, मजकूर आहे. काकांना काय सांगू गं मी?"

तो गेला. उरलेल्या तेरा जणांच्या यादीत काका शेवटचे होते, हे छोटीला त्याने विचारल्यावर आठवलं.

जिन्यावर काठीचा आवाज आला तेव्हा चार वाजले होते. काका आत आले, खुर्चीत टेकले, श्वास जुळवला. चेहरा हसरा.

"तिकडे मोठा गोंधळ झाला म्हणतात, ताई. मुलगा घाबरला. मी म्हटलं, मला कसली भीती? मी पहिल्या दिवशीच ताईंकडे गेलो." त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक बायकी घड्याळ काढलं. "हे एक लिहायचंय. आज बोट फारच हलतंय. मी सांगतो, तुम्ही लिहाल का?"

छोटीने कीबोर्डवर हात ठेवले आणि काढून घेतले.

"काका, तुमचं इकडे आलेलं नाही."

"म्हणजे?"

"तुमचं तिकडेच होतं. ते गेलं. सगळं."

काकांना कळायला वेळ लागला. ते रुमालाची घडी घालत राहिले. "पण मी तर पहिला आलो होतो," ते म्हणाले. "माझ्यामागून आलेली ती नाचाची बाई, तिचं आलं?"

"आलं."

"मग माझं का राहिलं?"

खोटं सांगता आलं असतं. तांत्रिक अडचण म्हटलं असतं तर काकांनी मान डोलावली असती. पण बारा वर्षं या माणसाशी ती फोनवर खरं बोलत आली होती, आणि आता तिला दुसरं काही सुचेना.

"दादाला सगळ्यात जास्त लागावं, म्हणून तुम्हाला शेवटी ठेवलं होतं."

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लागलं का त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो," छोटी म्हणाली. "लागलं."

"मग झालं तर तुमचं काम." काकांनी घड्याळ रुमालासकट खिशात ठेवलं आणि उठायला लागले. गुडघा साथ देईना. छोटी धावत टेबलाला वळसा घालून आली आणि तिने हात पुढे केला. काकांनी भिंत धरली, मग दाराची चौकट धरली, मग कठडा. खालच्या पायरीपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तोवर छोटी हात तसाच पुढे धरून वर उभी होती.